मोडी थोडी येत असेल तर घरचा जुना कागद कसा वाचावा

मोडीचा वर्ग पूर्ण झालेला असतो. बाराखडी येते, फळ्यावर लिहिलेली वाक्यं वाचता येतात. मग घरच्या पेटीतला कागद उघडावा तर पहिल्या ओळीतली दोन-तीन अक्षरंही ओळखीची वाटत नाहीत. बहुतेक जण इथेच सोडून देतात. काही जण उलट टोकाला जातात: चार शब्द लागले की उरलेला मजकूर अंदाजाने भरतात आणि 'आमच्या पणजोबांना अमुक गाव इनाम होतं' असं सांगू लागतात. हा लेख या दोन्ही प्रकारच्या वाचकांसाठी आहे. अर्धवट मोडीवर खूप काम होऊ शकतं. त्यासाठी एकच शिस्त लागते: वाचलेलं आणि ताडलेलं यांची कधीही सरमिसळ होऊ द्यायची नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या शिस्तीसाठीच आहेत.

ही शिस्त आज जास्त गरजेची झाली आहे. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हापासून तहसील कचेऱ्यांतले जुने मोडी कागद पुन्हा उघडले गेले. जमिनीच्या वाटण्या, वतनं, देवस्थानांचे हक्क यांचे पुरावेही मोडीतच असतात. एक अक्षर चुकीचं वाचलं तर त्याचा परिणाम एखाद्या कुटुंबावर होऊ शकतो.

आधी कागद सांभाळा

रुमालात बांधलेली जुडी असेल तर सोडण्याआधी ती जशी आहे तशी तिचा फोटो काढा. कोणता कागद कोणत्या कागदाच्या आत घडी घालून ठेवला होता, ही माहितीसुद्धा पुरावा असते. एकदा विस्कटली की परत मिळत नाही. घडी कडक झाली असेल, कसर लागून कागदाला जाळी पडली असेल, तर ती स्वतः उघडू नका. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. त्यानंतर त्या कागदाची दुरुस्ती जवळजवळ अशक्य होते.

फोटो खिडकीजवळ, बाजूने येणाऱ्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून काढा. शेजारी फूटपट्टी ठेवा. पूर्ण कागदाचा एक फोटो घ्या, मग चार-पाच ओळींचे जवळून घेतलेले फोटो, आणि पाठीचा फोटो कधीही विसरू नका. पत्र कधी पोचलं त्याची नोंद, नंतरच्या कारकुनाचा शेरा, मुद्रेचा ठसा, हे सगळं पुष्कळदा मागच्या बाजूला असतं. पुढचं सगळं वाचन फोटोवरून करायचं, मूळ कागद पुन्हा घडीत.

काळ ठरवा, मग अक्षर

मोडीचं श्रेय परंपरेने देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाडपंत याला दिलं जातं. ही लिपी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रोजच्या वापरात होती. इतक्या शतकांत तिचं वळण बदलत गेलं: शिवकालीन, पेशवेकालीन, आंग्लकालीन असे भाग जाणकार करतात. वर्गात शिकवलं जातं ते बहुधा उत्तर पेशवाईचं किंवा इंग्रजी अमलातलं सुटसुटीत वळण. तुमच्या हातातला कागद १६८० च्या सुमाराचा असेल तर तुमची बाराखडी त्याला पुरणार नाही, आणि यात तुमचा काही दोष नाही.

काळाचा अंदाज एकही शब्द न वाचता घेता येतो. छापील मुद्रांक असलेला स्टँप पेपर म्हणजे इंग्रजी अमल. रकाने छापलेले असतील तर तो महसुली नमुना, म्हणजे एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध किंवा त्यानंतरचा काळ. हातकागद, बोरूची जाड-बारीक रेघ, अरबी सन आणि मुद्रा असेल तर त्याआधीचा. नवशिक्यानं सुरुवात इंग्रजी काळातल्या कागदापासून करावी असं माझं ठाम मत आहे. त्यात तारखा सरळ असतात, भाषा ओळखीची असते आणि मजकूर बराचसा ठरीव साच्याचा असतो.

तंजावर, बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर इथल्या कागदांतही मोडी आहे. तंजावरच्या कागदांत स्थानिक तमिळ नावं आणि मापं मिसळलेली आढळतील, तेव्हा न लागणारा प्रत्येक शब्द मराठीच असेल असं धरून चालू नका.

कागदाचा प्रकार ओळखा

अर्धवट येणाऱ्याला सगळ्यात मोठा आधार साच्याचा असतो. जुने कारकून ठरलेल्या वाक्यांनी सुरुवात आणि शेवट करत. माथ्यावर 'श्री' असते. बरोबरीच्याला लिहिलेल्या पत्रात 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री' असा मायना येतो, मग नाव, मग 'विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लेखन करीत जावे, विशेष'. खरा मजकूर त्या 'विशेष'नंतर सुरू होतो. शेवटी 'बहुत काय लिहिणे, हे विनंती'. हुकुमाच्या शेवटी 'जाणिजे', कधी 'मोर्तब सुद' किंवा 'लेखनसीमा'. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र यांत 'कारणे लिहून दिल्हे ऐसे जे' अशी ओळ येते आणि पुढे काय विकलं, गहाण ठेवलं किंवा वाटलं त्याचं वर्णन.

हे साचे एका वहीत बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, लिहून काढा आणि पाठ करा. पहिल्या दोन ओळींत काय असणार हे आधीच माहीत असलं की अक्षरं ओळखणं सोपं जातं. इथे अंदाज चालतो, कारण तो लगेच अक्षरांवर तपासता येतो. मधल्या मजकुरात तशी सोय नसते.

त्या हाताचा तक्ता बनवा

वर्गातला तक्ता बाजूला ठेवा आणि समोरच्या कागदातूनच नवा तक्ता तयार करा. सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

जमिनीचा कागद असेल तर चतुःसीमा शोधा. ओळीने चार छोटी कलमं असतात आणि त्यांत पूर्वेस, दक्षिणेस, पश्चिमेस, उत्तरेस हे शब्द कुठल्यातरी क्रमाने येणारच. या चार शब्दांतून प, र, व, द, क्ष, ण, श, च, म, उ, त, स एवढी अक्षरं मिळतात, शिवाय पूर्वेसमधला रफार आणि पश्चिमेसमधलं जोडाक्षर त्या लेखकानं कसं काढलं हेही कळतं. चारही शब्दांच्या शेवटी 'स' आहे, म्हणजे एकाच माणसाचे चार 'स' शेजारी ठेवून पाहता येतात. प्रत्येक अक्षराचा फोटो कापून तक्त्यात चिकटवा किंवा हुबेहूब गिरवून घ्या. खाली ओळीचा क्रमांक टाका.

पुढचा साठा माहीत असलेल्या नावांतून मिळतो. गावाचं नाव, तुमचं आडनाव, तालुका हे कुठेतरी असतंच. शेवटी साक्षीदारांची यादी असते आणि तिथे 'साक्ष' पुन्हापुन्हा येतं. 'रुपये', 'मौजे', 'सदरहू', 'येणेप्रमाणे' हेही वारंवार भेटणारे शब्द. इतक्या शोधातून त्या हाताची निम्म्याहून जास्त अक्षरं जमतात.

एकाच लेखकाचं एक अक्षर दोन-तीन रूपांत येतं, हे तक्ता बनवताना दिसेल. मोडी हात न उचलता लिहायची लिपी आहे. आधी कागदभर आडव्या शिरोरेघा ओढायच्या आणि मग त्यांखाली अक्षरांची माळ चालवायची अशी रीत होती. त्यामुळे मागच्या-पुढच्या अक्षराप्रमाणे वळण बदलतं. काना खालून वर जातो, 'र' शेजाऱ्यात मिसळून जातो. हे डोळ्यांनी शिकता येत नाही, हाताने शिकावं लागतं. म्हणून एखादा शब्द अडला की तो चार-पाच वेळा त्याच वळणाने गिरवा. रेघ कुठून निघून कुठे गेली ते हाताला कळलं की अक्षर पुष्कळदा आपोआप उलगडतं. युनिकोडमध्ये मोडी २०१४ पासून आहे आणि फाँटही मिळतात, पण फाँटमधलं सुबक अक्षर सरावाला ठीक. बोरूने घाईत लिहिलेल्या ओळीशी त्याचा फारसा संबंध नसतो. फोटोवरून मजकूर वाचून देतो म्हणणारी संगणकी साधनं वापरायची तर त्यांचं उत्तरही 'ताडलेलं' याच सदरात टाका.

जसं आहे तसं बाळबोधीत उतरवा

आता ओळीला ओळ लावून देवनागरीत उतरवायचं. मूळ कागदाच्या जितक्या ओळी तितक्याच तुमच्या ओळी, प्रत्येकीला क्रमांक. शुद्धलेखन सुधारायचं नाही. मोडीत इकार आणि उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळलेला नसतो, त्यामुळे 'दिन' की 'दीन', 'सुत' की 'सूत' हे अक्षरावरून ठरत नाही. ते संदर्भावरून नंतर ठरवायचं. 'दिल्हे', 'जाहले', 'लिहोन' हीच त्या काळची रूपं आहेत, ती तशीच राहू द्या.

खुणा ठरवून घ्या आणि त्या कधीही बदलू नका. मी सुचवतो त्या अशा: खात्रीने वाचलेलं शाईने. ताडलेलं पेन्सिलने आणि पुढे प्रश्नचिन्ह. न लागलेल्या प्रत्येक अक्षराला एक फुली. तीन अक्षरं लागली नाहीत तर तीन फुल्या, म्हणजे नंतर वाचणाऱ्याला तिथे किती मजकूर आहे ते कळतं. फाटलेल्या किंवा कसरीने खाल्लेल्या जागी चौकोनी कंस. संक्षेप फोडून लिहिलात तर तुमची भर गोल कंसात.

पहिल्या फेरीत शब्द तोडू नका. मोडीत शब्दांमध्ये जागा नसते, विरामचिन्हं नसतात. सलग उतरवा, मग दुसऱ्या फेरीत तोडा. समजा तुम्ही उतरवलंत:

मौजेपिंपळगावयेथीलजमीनबिघे५॥पैकी२॥।तुम्हासदिल्हीअसे

हे तोडायला सोपं आहे: मौजे पिंपळगाव येथील जमीन बिघे ५॥ पैकी २॥। तुम्हास दिल्ही असे. पण दुसरा नमुना पाहा:

रयतेसउपद्रवलागोनेदणे

इथे नवखा वाचक 'लागोने दणे' असं तोडतो, 'दणे' लागत नाही म्हणून 'देणे' करतो, आणि अर्थ नेमका उलटा होतो. खरी तोड 'लागो नेदणे' अशी आहे. 'नेदणे' म्हणजे न देणे: रयतेला उपद्रव लागू देऊ नये. नकाराचा 'न' क्रियापदाला चिकटून येतो ('नकरणे', 'नघेणे'), हे लक्षात ठेवून प्रत्येक क्रियापदाच्या आधीचं अक्षर दोनदा तपासा. जुन्या कागदात अर्थ उलटण्याची ही सगळ्यात मोठी जागा आहे.

ओळखीचे वाटणारे शब्द

अनोळखी शब्द फारसं नुकसान करत नाही, कारण तो आपण शोधतो. नुकसान करतो तो ओळखीचा वाटणारा शब्द.

सगळ्यात आधी '-णे'. 'वसूल घेणे आणि सरकारांत पाठविणे' हे आजच्या कानाला कामांच्या यादीसारखं वाटतं, पण जुन्या पत्रात हा सरळ हुकूम आहे: वसूल घ्या आणि सरकारात पाठवा. घडलेली गोष्ट आणि करायला सांगितलेली गोष्ट यांत इथे गल्लत झाली तर 'वसूल पाठवला होता' असा खोटा इतिहास तयार होतो.

'मजकूर' म्हणजे आधी सांगितलेला. 'मौजे मजकूर' म्हणजे सदर गाव, 'साल मजकूर' म्हणजे हेच चालू वर्ष. ते गावाचं नाव नव्हे. व्यक्तीसाठी तेच काम 'मशारनिल्हे' करतो. 'पेशजी' म्हणजे पूर्वी, 'गुदस्त' म्हणजे मागच्या वर्षी. 'तरी' बहुतेक वेळा आजच्या 'तर' किंवा 'म्हणून'सारखा येतो: 'तरी तुम्ही येणे' म्हणजे 'म्हणून तुम्ही या'. 'पत्र पावले' म्हणजे पत्र मिळालं.

नात्यांचे शब्द तर फारच जपून. 'रामजी बिन कृष्णाजी' म्हणजे कृष्णाजीचा मुलगा रामजी. 'वलद' याचाही अर्थ तोच. 'सखूबाई कोम रामजी' म्हणजे रामजीची बायको सखूबाई. हिंदीतल्या 'कौम'च्या ओळखीवर इथे समाज किंवा जात असा अर्थ घेतला की नवऱ्याचं नाव जातीच्या रकान्यात जातं. वंशावळ लावणाऱ्यानं 'बिन' आणि 'कोम' ही दोन रूपं त्या हातात कशी दिसतात ते सुरुवातीलाच तक्त्यात घ्यावं.

सह्यांच्या जागी 'निशाणी नांगर' असं दिसलं तर तो विकलेल्या मालाचा भाग नाही. लिहिता न येणारा शेतकरी सहीच्या जागी नांगराची खूण करत असे. व्यापाऱ्याची तराजू, बाईची बांगडी, अशा खुणा असत. शेजारी 'हस्ताक्षर अमुक' असेल तर ते कागद लिहिणाऱ्याचं नाव; तो व्यवहारातला पक्ष नसतो.

संक्षेप आणि आकडे

दोन उभ्या दांड्या मोडीत दोन वेगळी कामं करतात. अक्षरानंतर आल्या तर संक्षेप, आकड्यानंतर आल्या तर अपूर्णांक.

मौ॥ म्हणजे मौजे, क॥ कसबे, प॥ परगणे, मु॥ मुक्काम, रु॥ रुपये. इथपर्यंत ठीक. पण रा॥ कधी राजश्री असतं, कधी राहणार. ता॥ कधी तालुका, कधी तारीख, कधी तागायत म्हणजे 'पर्यंत'. पै॥ कधी पैकी, कधी पैवस्ती, म्हणजे पत्र पोचल्याची तारीख. संदर्भ स्पष्ट नसेल तर फोडूच नका, तसंच लिहा. रकान्यातल्या एकाक्षरी संक्षेपाबद्दल तर हा नियम कडक पाळा. जातीच्या किंवा नात्याच्या रकान्यात एक अक्षर आणि टिंब दिसलं तर नुसतं तेवढंच उतरवा. त्याच वहीत अन्यत्र पूर्ण शब्द त्याच हातात सापडला, तर तो पानाचा क्रमांक देऊन जोडा. आपल्याला हवा तो शब्द तिथे बसवण्याचा मोह मोठा असतो, आणि त्यातून झालेलं वाचन कुठल्याही चौकशीत टिकत नाही.

अपूर्णांकांची पद्धत एकदा कळली की सोपी आहे. एक उभी रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. म्हणून वरच्या नमुन्यात ५॥ म्हणजे साडेपाच बिघे आणि २॥। म्हणजे पावणेतीन, बरोबर निम्मे. रुपयाचे सोळा आणे. उभी रेघ चार आणे, आडवी रेघ एक आणा. २॥= म्हणजे दोन रुपये दहा आणे. बारा पै म्हणजे आणा. वाटणीपत्रात हिस्साही आण्यांत सांगतात: चार आणे हिस्सा म्हणजे चौथाई.

धान्याचं माप चार शेरांची पायली, बारा पायलींचा मण, वीस मणांची खंडी. जमिनीचं माप वीस पांडांचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चाहूर. इंग्रजी अमलात चाळीस गुंठ्यांचा एकर. एकूण बेरीज दिलेली असेल तर तुम्ही वाचलेले आकडे स्वतः बेरजून पाहा. बेरीज जुळली तर आकडे बरोबर वाचलेत याचा इतका चांगला पुरावा दुसरा नाही. खतांत रक्कम 'रुपये १००, निमे रुपये ५० यांचे दुप्पट' अशा पद्धतीनेही लिहीत, कोणी आकडा खोडून फिरवू नये म्हणून. वाचणाऱ्यालाही त्याचा तितकाच उपयोग आहे.

तारीख

तारखेला भिऊ नका. कागदात आपलं वाचन बाहेरून तपासता येईल अशी हीच एक जागा असते.

शके असेल तर ७८ मिळवा. जानेवारीपासून चैत्र शुद्ध प्रतिपदेपर्यंतची तिथी असेल तर ७९. सोबत संवत्सराचं नाव बहुतेक असतं. शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक, प्रभवपासून मोजून. बाकी शून्य उरली तर साठावा, क्षय. शिवराज्याभिषेकाचं उदाहरण घ्या: शके १५९६, अधिक १२ म्हणजे १६०८, साठाने भागून बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. त्या दिवसाचा उल्लेख शके १५९६ आनंदनाम संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध १३ असाच आहे. तुमच्या कागदातला आकडा पुसट असेल पण संवत्सराचं नाव लागत असेल, तर वर्ष असं ठरवता येतं.

मराठेशाहीतल्या कागदांत सुहूर सन येतो, तो आकड्यात नसतो, अरबी शब्दांत असतो. आधी एकं, मग दहं, मग शेकडा, शेवटी हजार. इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९, अशर १०. दहाच्या पटीत अश्रीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया १००, मयातैन २००, अलफ १०००. लेखनात थोडाफार फरक दिसेल. म्हणून 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१. हे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा सुरू होतं. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, म्हणजे ११६१ अधिक ६००. दख्खनचा फसली, म्हणजे महसुली, सन सुहूरपेक्षा ९ ने जास्त असतो, त्यामुळे तिथे ५९० किंवा ५९१ मिळवायचे. राज्याभिषेक शक दिसला तर १६७३, आणि जानेवारी ते ज्येष्ठ शुद्ध द्वादशीपर्यंत १६७४.

'छ' अक्षर, पुढे आकडा आणि मग रजब, साबान, जिल्हेज असं काही असेल तर तो चंद्र म्हणजे हिजरी महिन्याचा दिवस. हे महिने ऋतूंशी बांधलेले नसतात, दरवर्षी सरकत जातात, त्यामुळे त्यांचा इंग्रजी दिवस मनाने काढू नका, जंत्रीत, म्हणजे जुन्या-नव्या तारखांचा मेळ देणाऱ्या कोष्टकात, पाहा. आणि एकाच पत्रावर दोन तारखा असल्या तर घाबरू नका: एक लिहिल्याची, दुसरी पोचल्याची.

कुठे थांबायचं आणि कोणाला विचारायचं

दोन फेऱ्या झाल्या की कागद आठवडाभर बाजूला ठेवा. पुन्हा पाहिल्यावर काही फुल्या सुटतात. त्यानंतरही उरल्या तर जाणकाराकडे जा.

जाणकाराला 'हा कागद वाचून द्या' म्हणण्यापेक्षा 'ओळ ७ मध्ये तिसऱ्या शब्दाची दोन अक्षरं लागत नाहीत, आधी मौजे आणि नंतर येथील आहे' असं विचारा. सोबत ओळीचा स्वच्छ फोटो आणि तुमचं लिप्यंतर द्या. मोडीची जाणती माणसं थोडी आहेत आणि त्यांच्याकडे कामाचा ढीग असतो. नेमक्या प्रश्नाला ती मनापासून उत्तर देतात. शिवाय तुमचं लिप्यंतर समोर असलं की तुमच्या पक्क्या वाटणाऱ्या शब्दांतल्या चुकाही ती दाखवतात.

महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाची अभिलेखागारं मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. पुण्यात पेशवे दफ्तर आहे. संचालनालय मोडीचे वर्गही घेतं. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आणि धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ ही कामं करत आहेत. सरावासाठी मूळ पत्राचा फोटो आणि त्याचं छापील लिप्यंतर दोन्ही असलेली प्रकाशनं मिळवा. लिप्यंतर झाकून रोज दोन-तीन ओळी वाचा, मग उघडून ताडून पाहा. महिन्यातून एकदा पानभर वाचण्यापेक्षा याने अक्षर लवकर हाताखाली येतं.

न्यायालय, महसूल किंवा जातपडताळणीसाठी कागद लागणार असेल, तर तुमचं वाचन कितीही चांगलं असलं तरी ते फक्त शोधापुरतं वापरा: कोणत्या वहीत, कोणत्या पानावर, कोणत्या नावाची नोंद आहे ते शोधून काढा. त्या नोंदीची अधिकृत नक्कल संबंधित कचेरीतून घ्या आणि लिप्यंतर मान्यताप्राप्त जाणकाराकडून करून घ्या. कोणाचं लिप्यंतर ग्राह्य धरतात ते आधी त्याच कचेरीत विचारा.

घरच्या कागदाचं काम झालं की एका पानावर ही माहिती लिहून लिप्यंतरासोबत ठेवा: कागद कोणाकडे होता, वाचन कोणी आणि कोणत्या तारखेला केलं, जाणकाराने कोणते शब्द लावून दिले, कोणत्या ओळी अजून लागलेल्या नाहीत. तुमचा अक्षरतक्ता त्याच पाकिटात घाला. त्याच जुडीतला दुसरा कागद पुष्कळदा त्याच कुलकर्ण्याच्या हातचा निघतो.